नेव्हिल प्रूएटची अवजारं

जी वस्तू दुकानात वीस डॉलरला मिळते, ती घरातली चाळीस डॉलरची वस्तू फोडून करायची, याला नेव्हिल प्रूएट काटकसर म्हणतो. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते. आमची घरं एकाच कुंपणाला पाठ लावून उभी आहेत आणि त्याची शेड बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. आमच्या टिकारू गावात त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार दोघींनाच आहे, एक त्याची बायको लॉरेल आणि दुसरी मी. लॉरेल बोलत नाही, म्हणून मी बोलते.

नेव्हिल इथलाच. त्याचा बाप गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायचा. नऊ वर्षांचा असताना पोराने घरातला रेडिओ उघडला आणि तो पुन्हा कधी मिटला नाही. संध्याकाळची मालिका ऐकायला त्याच्या आईला दोन घरं सोडून जावं लागे. पण तीच सगळ्यांना सांगत सुटली की माझं पोर हुशार आहे. आपला तो बाब्या. पुढे हा बाब्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ झाला. तिथे चौतीस वर्षं काढली. मग एक्स्चेंजची खोली जाऊन तिच्या जागी एक लोखंडी पेटी आली आणि पेटीला माणसं लागत नाहीत म्हणून याला घरी पाठवलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आठवड्याच्या आत ते घड्याळ त्याने उघडलं.

घरी बसल्यावर त्याला हौशी रेडिओवाल्यांचा नाद लागला. हे लोक शेडमध्ये बसून फिनलंडच्या कुणाला तरी 'इथे ऊन आहे' असं कळवतात आणि त्याने 'इथे बर्फ आहे' असं उलट कळवलं की आठवडाभर खूश असतात. त्यासाठी नेव्हिल स्वतः सर्किट बोर्ड करायला लागला. आता त्या बोर्डांवरचे भाग राजगिऱ्याच्या दाण्याएवढे आले आहेत. ते साध्या सोल्डर गनने बसत नाहीत. सोल्डरची, म्हणजे डाखाच्या धातूची, पूड आणि राळ यांची एक करडी पेस्ट येते. तिचे बारीक ठिपके बोर्डावर द्यायचे, त्यावर दाणे मांडायचे आणि सगळा बोर्ड एकदम तापवायचा, की पेस्ट वितळून दाणे जागच्या जागी चिकटतात. हे मला त्याने शिकवलेलं नाही. लग्नाआधी ॲडलेडला टीव्हीच्या कारखान्यात मी अकरा वर्षं सोल्डरिंग केलंय, दिवसाला चारशे सांधे. राळ जळल्याचा वास माझ्या नाकातून मेल्यावरही जायचा नाही.

पेस्टचे ठिपके द्यायचं यंत्र बाजारात मिळतं. पण ते विकत घेतलं तर नेव्हिल कसला!

आधी त्याने मेव्हण्याच्या शेतावरून मेंढ्यांना लस टोचायची पिस्तुलासारखी पिचकारी आणली. एक चाप ओढला की मोजून एक डोस बाहेर, हे त्याला फार आवडलं. पण तो डोस ऐंशी किलोच्या मेंढीसाठी असतो. पहिल्या चापाला नखाएवढ्या बोर्डावर पेस्टचा हा एवढा गोळा पडला, बोर्ड दिसेना. कुंपणावरून मी सगळं बघत होते.

"काय रे, बोर्डाला धनुर्वात झाला होता का?" मी विचारलं.

"तत्त्व बरोबर आहे," नेव्हिल म्हणाला, "फक्त मात्रा चुकली."

"मेंढीला विचार, ती सांगेल."

मग मात्रा बारीक करायला त्याने आटे पाडलेली सळई घेतली, लॉरेलच्या कॅसेट प्लेअरची मोटर काढली आणि ती मोटर हळूहळू चालावी म्हणून तिच्या शिलाई मशीनचं पेडल जोडलं. पाय जरा दाबला की मोटर फिरते, सळई पुढे सरकते, इंजेक्शनच्या नळीतून पेस्टचा ठिपका येतो. दाणे उचलायला नातीच्या माशांच्या काचपेटीचा पंप उलटा बसवला, म्हणजे तो हवा सोडायच्या ऐवजी ओढतो. मासे गेले. बियरचे डबे कापून त्यांच्या पत्र्याचे साचे केले. डबे रिकामे करायचं काम तेवढं त्याने दुसऱ्या कुणावर टाकलं नाही.

खोटं कशाला बोलू, ते पेडलचं यंत्र चांगलं होतं. एकदा मी शेडमध्ये जाऊन ठिपके भिंगातून पाहिले. सगळे सारखे, खसखशीसारखे. कारखान्यात आम्हा बायकांना असं काही मिळालं असतं तर माझ्या बोटांवर हे डाग राहिले नसते. पण ते यंत्र झाल्यावर तरी माणसाने बोर्ड करावेत ना? ते नाही. तो लगेच त्याच्यापेक्षा चांगलं यंत्र करायला बसला. आठ वर्षांत पेस्ट द्यायची नऊ यंत्रं झाली आणि बोर्ड झाले अकरा, त्यातले चार चालतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

एवढ्या वर्षांत लॉरेल एकदाही ओरडली नाही. पेडल गेल्यावर ती शिवण हाताने घालू लागली. बोर्ड तापवायला त्याने तिचा विजेचा तवा नेला, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे गं ग्लेनिस, त्याला काहीतरी उद्योग हवा." मला तिचाही राग यायचा.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, फ्रूट केक. इकडचं नसलेल्यांना वाटेल की केकचं काय एवढं. आमच्या शेतकी प्रदर्शनात पहिला आलेला केक जिल्ह्याला जातो, जिल्ह्यात पहिला आलेला ॲडलेडच्या मोठ्या प्रदर्शनाला. लॉरेल चारदा जिल्ह्यापर्यंत गेली होती आणि चारही वेळा तिथून परत आली होती. एकदा म्हणे एका कोपऱ्याची धार मोडली, एकदा केक जाळीवर निवत ठेवल्याचे वळ खाली उमटले. ॲडलेडच्या काचेच्या कपाटात आपला केक एकदा तरी दिसावा, एवढंच त्या बाईला आयुष्यात हवं होतं. तिला सत्तरावं लागलं होतं. मोठा ओव्हन डाव्या बाजूने जास्त भाजतो म्हणून शाळेच्या कँटीनमध्ये काम करून साठवलेल्या पैशांतून तिने एक छोटा ओव्हन घेतला होता, फक्त त्या केकसाठी. वर्षभर तो कापडाखाली असायचा. तवा नेला त्या दिवशी माझ्यासमोर तिने नेव्हिलला सांगितलं होतं, "बाकी घर तुझं, हा ओव्हन माझा."

"मी कशाला हात लावू? शपथ," नेव्हिल म्हणाला.

ऑगस्टमध्ये लॉरेल दोन दिवस बहिणीकडे गेली. दोन दिवस! तवा मधे जास्त तापतो आणि कडेला कमी, बोर्ड नीट भाजत नाहीत, म्हणून या पठ्ठ्याने कापड उचललं. सहा बोर्ड त्याने त्या ओव्हनमध्ये भाजले. मग आतून स्पिरिटने पुसून काढलं, वास जावा म्हणून लिंबाची सालं तापवली आणि कापड होतं तसं झाकून ठेवलं. कापडाच्या घड्यासुद्धा जुळवल्यान्. एवढी अक्कल त्याने एक्स्चेंजमध्ये वापरली असती तर साहेब होऊन बाहेर पडला असता. लॉरेल परत आली ती बहिणीच्या नातवंडांकडून सर्दी घेऊन. नाक चोंदलेलं. त्याच आठवड्यात तिने केक केला, सव्वातीन तास भाजला, कागदात आणि फॉइलमध्ये गुंडाळून मुरायला ठेवला.

प्रदर्शन ऑक्टोबरात. केकच्या टेबलाशी मदतनीस म्हणून मी बावीस वर्षं उभी राहते. मदतनिसाने पाट्या लावायच्या, सुरी पुसायची, गुण लिहायचे आणि तोंड बंद ठेवायचं. कुठला केक कोणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये. मला मात्र लॉरेलचा केक शंभरात ओळखता येतो. त्या वर्षी परीक्षक होत्या मिसेस ट्रेगेंझा. बाई कडक. त्यांनी पट्टीने बाजू मोजल्या, कोपरे पाहिले, केक उलटा करून खालचा भाग पाहिला. कुठे वळ नाही, खळगा नाही. त्या हुं म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांचा हुं मी दोनदा ऐकलाय. दोरीच्या पलीकडे लॉरेल पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिच्या शेजारी नेव्हिल सॉस लावलेली खिम्याची पेस्ट्री खात होता.

मिसेस ट्रेगेंझांनी केक मधोमध कापला आणि वास माझ्यापर्यंत आला. मनुकांचा वास, ब्रँडीचा वास आणि त्यांच्या खाली ती. राळ. जळलेली राळ. मला एका क्षणात सगळं समजलं. ती पेस्ट शिशाची असते, हेही मला माहीत होतं. कारखान्यात आम्हाला त्या टेबलाशी जेवणाचा डबा उघडायची मुभा नव्हती.

बाईंनी तुकडा उचलला.

"थांबा," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मदतनिसांनी बोलायचं नसतं."

"माहीत आहे मला. पण तो तोंडात घालू नका."

"का?"

का ते सांगायचं म्हणजे केक कोणाचा ते सांगायचं, आणि लॉरेल आठ फुटांवर उभी होती. मी सरळ त्यांच्या हातातून तुकडा काढून घेतला. प्रदर्शनाच्या तंबूतली सगळी डोकी आमच्याकडे वळली.

"ग्लेनिस, काय झालं?" लॉरेलने विचारलं. "केस निघाला का गं? टरफल राहिलं का अंड्याचं?"

"तुझ्या ओव्हनमध्ये काय भाजलं, ते नेव्हिलला विचार."

त्याने निदान गप्प बसावं की नाही? तोंडात घास, ओठाला सॉस आणि म्हणतो कसा, "मी साफ केला होता तो!"

लॉरेल वळून त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी सांगणार नाही. तिने एवढंच विचारलं, "कधी?"

"तू बहिणीकडे होतीस तेव्हा. अगं, राळच ती. पाइनच्या झाडाची. अगदी नैसर्गिक असते."

"आणि शिसं कुठल्या झाडाला लागतं रे?" मी ओरडले. मिसेस ट्रेगेंझांनी रुमालाने बोटं पुसली, मग सुरी पुसली, मग परत बोटं पुसली. केकवर मला स्वतःच्या हाताने 'स्पर्धेबाहेर' अशी चिठ्ठी लावावी लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या मैत्रिणीचा केक, तिच्या सगळ्या केकांमधला सर्वांत चांगला, आणि तो मी कोणाच्या तोंडात जायला नको म्हणून कचऱ्याच्या पिंपात टाकला. त्या दिवशी नेव्हिलला मी चाबकाने मारलं असतं.

पण खरा नेव्हिल दिसला तो नंतर, गाडीपाशी. लॉरेल दार उघडून नुसती उभी होती. मी तिचा हात धरला होता. नेव्हिलने घसा साफ केला. मला वाटलं, चला, माफी मागतोय.

"म्हणजे आता," तो म्हणाला, "तो ओव्हन खाण्याच्या उपयोगाचा नाही राहिला. मग मी शेडमध्ये नेला तर चालेल ना?"

लॉरेल हसली. मला तिची भीती वाटली. "ने," ती म्हणाली. "मोठाही ने. तुला स्वयंपाकघरातलं जे जे हवंय ना नेव्हिल, ते आजच ने."

टोमणा कळायला माणसाला कान लागतात, आणि याचे कान हेडफोनमध्ये. त्या संध्याकाळी तो चाकाची ढकलगाडी घेऊन स्वयंपाकघरात शिरला. छोटा ओव्हन नेला, मिक्सर नेला, तापमान मोजायची सुई नेली. मोठा ओव्हन भिंतीतून निघेना म्हणून राहिला, तर त्याचा आतला पंखा काढून नेला. शीळ घालत होता. मी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून लॉरेलने त्या घरात चूल पेटवली नाही. भांडण नाही, रडणं नाही. सकाळी ती कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे यायची, आम्ही दोघी मिळून करायचो, मिळून खायचो, आणि रात्री ती झोपायला घरी जायची. पहिल्या दिवशी एक वाजता नेव्हिल टेबलाशी येऊन बसला. दीड वाजता उठला.

"लॉरेल, जेवण?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"यंत्र कर एखादं," ती म्हणाली.

यंत्र त्याने केलं, पण स्वयंपाकाचं नाही, बोर्ड भाजायचंच. त्या वर्षात त्याच्या शेडमध्ये तापवायच्या चार वस्तू झाल्या. ओव्हनला त्याने असा काही मेंदू बसवला की तापमान एका अंशानेही हलत नाही. आणि त्या चार भट्ट्यांच्या मधे बसून तो बेकरीतली खिमा-बटाटा भरलेली थंड पॅस्टी खायचा, कारण त्यातल्या एकीतही अन्न गरम करायची सोय नव्हती. मी रोज बघायचे आणि मला रोज बरं वाटायचं. त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. पर्थहून मुलीचा फोन आला की सांगायचा, सगळं ठीक आहे, तुझी आई जरा शेजारी गेली आहे. जरा म्हणजे वर्षभर.

माझा ओव्हन काही खास नाही. दार नीट लागत नाही, त्याला खुर्ची लावावी लागते. लॉरेलने त्यात सहा केक बिघडवले, तेव्हा कुठे त्याचा स्वभाव तिला कळला. सातवा केक ठेवला तेव्हा ती सव्वातीन तास खुर्चीवर दाराला पाठ लावून बसली आणि एकदाही उठली नाही. तो केक आम्ही प्रदर्शनाला नेला.

मिसेस ट्रेगेंझाच आल्या होत्या. यावेळी त्यांनी कापल्याबरोबर आधी वास घेतला. दोनदा घेतला. मग तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले, आणि मी लॉरेलकडे पाहायचं टाळलं कारण मदतनिसाने रडायचंही नसतं. पहिल्या नंबराची निळी फीत लागली. तीन आठवड्यांनी जिल्हा, आणि बाई जाताना माझ्या कानात म्हणाल्या की असाच केला तर ॲडलेडला कोणी अडवणार नाही.

गर्दी पांगल्यावर नेव्हिल आला. शर्ट इस्त्रीचा नाही, गुंडी चुकीच्या काजात. तो दोरीपाशी उभा राहिला. परीक्षणाला कापलेला उरलेला तुकडा बशीत होता, त्याच्याकडे तो बघत होता.

"ग्लेनिस," तो हळूच म्हणाला, "तो तुकडा... कचऱ्याच्या बादलीतच जाणार ना?"

"हो. आणि तुझ्या तोंडापेक्षा बादली स्वच्छ आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. एवढंच. वाद नाही, तत्त्व नाही. मला ते जास्तच लागलं, कारण असल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला माहीत नव्हतं.

मागून लॉरेल आली. वर्षभरात ती त्याच्याशी दहा वाक्यं बोलली असेल. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ती गुंडी पाहिली.

"हात धुतलेस?" तिने विचारलं.

नेव्हिलने दोन्ही हात उलटे सुलटे करून पाहिले, जणू कोणा परक्याचे होते. आणि मेंढ्यांच्या गोठ्याजवळच्या नळाकडे गेला. परत आला तो पाणी ठिबकत, कोपरापर्यंत बाह्या भिजवून. त्याने हात पुढे केले. लॉरेलने ते हातात घेतले, वाकून हुंगले आणि सोडून दिले.

"परत," ती म्हणाली.

तो परत गेला. परत आला. तिने हुंगले.

"परत."

सत्तरी ओलांडलेला माणूस, लोकांसमोर, तिसऱ्यांदा नळाकडे निघाला. आता पुरे झालं म्हणून मी ती बशी बादलीत उपडी करायला उचलली. लॉरेलने माझ्या हातातून ती काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि माशा बसू नयेत म्हणून तिच्यावर आपला रुमाल झाकला. मला तिचा राग आला. अजूनही येतो.